चिठ्ठी पोचण्याआधीची सोयरीक

लग्नाआधीच्या पत्रांचा विषय निघाला की मराठी वाचक हमखास ‘कुसुमानिल’पाशी येऊन थांबतो. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. कुसुम जयवंत अमरावतीच्या. १९२९ साली त्यांचं लग्न झालं. त्याआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. असा पत्रव्यवहार घडायला काय काय लागतं याची आपण कधी मोजदाद करत नाही. दोघांना लिहिता-वाचता आलं पाहिजे, तेही एकाच लिपीत. पाकीट तिऱ्हाइताने फोडू नये इतकी तरी घरात सभ्यता पाहिजे. आणि लिहिलेला कागद आपल्या बाजूचा असतो, असा विश्वास पाहिजे.

याच काळात अमरावतीहून दक्षिणेला निघालेला माणूस यवतमाळ, पांढरकवडा मागे टाकून पैनगंगा उतरला की निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरत असे. उटनूर, आसिफाबादच्या डोंगरांत गोंड, कोलाम, प्रधान, तोटी यांची गावं. तिथेही पोरं पोरींवर जीव लावत होती, नकार पचवत होती, आई-बापाच्या मनाविरुद्ध पळून जात होती. फक्त यातलं काहीही कागदावर उतरत नव्हतं.

कागद तिथे नव्हता असं मात्र नाही. तो होता, पण दुसऱ्याच्या हातात होता. दरबाराची भाषा उर्दू. जंगलखात्याने राखीव जंगलाची हद्द आखली ती उर्दू कागदावर, जमिनीचा पट्टा झाला तो उर्दूत, दंडाची पावती मिळाली तर तीही उर्दूत. गोंड शेतकरी एक तुकडा काही वर्षं कसून पडीक टाकायचा आणि दुसरा धरायचा. पडीक टाकलेल्या जमिनीवरही आपला हक्क आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं, म्हणून तो नोंदवायला कोणी कचेरीत गेलं नाही. बाहेरून आलेल्यांनी नेमकं तेच केलं. व्यापारी आले, सावकार आले, काळ्या मातीचा वास लागलेले शेतकरी आले. त्यांत तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते आणि मराठी बोलणारे आपलेही होते. हे सांगताना आवाज खाली आणायचं कारण नाही. अंगठा उठवायला लावणारा कागद कोणी पुढे केला की त्यानंतर काहीतरी जातं, जमीन, बैल नाहीतर पीक, एवढा धडा डोंगरातल्या माणसाने घेतला होता. अशा वस्तूवर कोणी आपल्या मनातलं लिहून दुसऱ्याला पाठवील, ही कल्पनाच तिथे कशी रुजावी?

कुमराम भीमूची गोष्ट या मुलखात शंभर प्रकारे सांगतात. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा तरुण. शेताच्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला आणि तो परागंदा झाला. मग चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला, तिथे तो अक्षरं शिकला आणि तिथून आसामच्या चहामळ्यांत गेला, असं सांगतात. पुढचं इतिहासाला पक्कं ठाऊक आहे: परत आल्यावर त्याने जोडेघाटच्या परिसरातल्या गावांसाठी जमिनीचा आणि जंगलाचा हक्क मागितला, मागणी फेटाळली गेली आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. अश्विन पौर्णिमेला त्याची पुण्यतिथी अजून पाळतात. मला या कथेतलं चांदा महत्त्वाचं वाटतं. लोकांच्या आठवणीतला हा नायक अक्षर शिकतो ते छापखान्यात, पोटासाठी आणि लपून राहण्यासाठी. ते वापरतो सरकारकडे अर्ज करायला. लेखणीचं पहिलं काम भांडण हेच होतं, आणि ते वाजवीच होतं.

मग मनातलं जायचं कसं? त्याची व्यवस्था होती, आणि ती टपालखात्यापेक्षा जुनी होती.

पहिली गोष्ट नात्यांची. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी गोंड कुळांची विभागणी. एका देवसंख्येची कुळं आपसात भाऊ-भाऊ, तिथे लग्न नाही. मामाची पोर, आत्याचा पोर ही जोडी पहिल्या पसंतीची. म्हणजे कोणाकडे पाहायचं आणि कोणाकडे पाहायचं नाही, हे पोराला कळतं वय येण्याआधीच ठाऊक असे. निवडीचं रान मोकळं नव्हतं, पण अगदी बंदिस्तही नव्हतं. सोयरीक होऊ शकेल अशी गावं पुष्कळ होती आणि त्या गावांत जायला निमित्त लागत होतं.

ते निमित्त म्हणजे दंडारी. पावसाळा सरला, पिकं उभी राहिली की दिवाळीच्या तोंडावर एका गावच्या तरुणांचा ताफा वाजतगाजत दुसऱ्या गावी जातो. पुढे घुसाडी: डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. मागे परा, गुमेला, पेपरे ही वाद्यं. यजमान गाव पाहुण्यांना जेवू घालतं, रात्रभर नाच चालतो, बायकाही आपला फेर धरतात आणि पुढे कधीतरी ते गाव उलट पाहुणचाराला येतं. मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच घुसाडी नाचासाठी. बाहेरच्यांना त्यात मोरपिसं दिसतात. गावातल्या वडीलधाऱ्यांना दिसतं ते वेगळं: कोणाचा पोर अंगापिंडाने कसा आहे, कोणाची पोर वयात आली आहे, आणि रात्री उशिरा कोण कोणाच्या गाण्याला उत्तर देतंय. दंडारीच्या पाठोपाठ सोयरिकी जुळतात, हे या भागात कोणी लपवून ठेवत नाही.

नाचात म्हटलेलं गाणं सगळ्या गावासमोर म्हटलेलं असतं, आणि ज्याच्यासाठी ते आहे त्यालाच ते लागू पडतं. पोरीने पुढच्या कडव्यात टोमणा मारला तर ती हसली एवढंच. उद्या बापाने हटकलं तर दोघांनाही म्हणता येतं, गाणंच होतं ते, सगळेच म्हणत होते. पुरावा उरत नाही. म्हणून चारचौघांत म्हटलेली ओळ ही बंद पाकिटापेक्षाही खासगी ठरू शकते.

दुसरं निमित्त आठवडी बाजार, तिसरं जत्रा. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची. गोदावरीचं पाणी आणायला मेश्राम पायी जातात, जत्रेची वर्दी द्यायला छकडे गावोगाव फिरतात आणि मग साऱ्या डोंगराची माणसं एका माळावर उतरतात. जत्रेत मेश्रामांच्या घरात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. या विधीला भेटिंग म्हणतात. त्याशिवाय सून कुळाची झाली असं धरत नाहीत.

आणि माणूस म्हणून टपालाचं काम करणारा होता प्रधान. प्रधान म्हणजे गोंडांचा भाट. तीन तारांची किकरी घेऊन तो आपल्या यजमानांच्या घरी जातो. लग्नात, मर्तिकात, देवाच्या कार्यात कुळाची कथा गातो. कोण कोणत्या देवांचा, कोणाची आत्या कुठे दिली, मागे कोणत्या दोन घरांत काय बिनसलं, हे त्याला मुखोद्गत. आदिलाबादच्या प्रधानांची घरातली भाषा मराठी, आणि गाणं गोंडीत. चुलीजवळ मराठी बोलणारा हा माणूस यजमानाच्या अंगणात गोंडी देवांच्या जन्मकथा तासन्‌तास गातो. असा घरोघरी फिरणारा, सगळ्यांशी बोलणारा आणि सगळ्यांचं माहीत असणारा माणूस जिथे आहे, तिथे सांगावा धाडायला अक्षर कशाला लागतं?

सांगावा गेला, दोन्हीकडून होकाराची कुणकुण लागली की थोरली माणसं मागणी घालायला जात. देज ठरे, म्हणजे मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. लग्न मुलाच्या गावी लागे. देज जमलं नाही, किंवा मुलीचा बाप अडून बसला, तर दुसरा मार्ग होता. मित्रांना घेऊन मुलीला पाणवठ्याच्या किंवा बाजाराच्या वाटेवरून उचलून न्यायचं. गोंडांत हे होई, कोलामांत तर विशेष. मग पंच बसत, दंड ठरे, जेवण होई आणि लग्न रीतीत बसे. कधी मुलगीच सामील असे, ओरडायचं तेवढं ओरडून घेई. कधी ती सामील नसे, आणि तिचं ओरडणं खरं असे. शहरी लेखकांनी या प्रकाराला रानातली प्रेमकथा म्हणून पुष्कळ सजवलं आहे. ते काही मला पटत नाही. तिच्या होकाराचा कागद नव्हता तसा नकाराचाही नव्हता. मागाहून पंचांनी काय मानलं यावर सगळं ठरे, आणि पंच पुरुष असत.

भीमू पडला आणि निजाम सरकारला प्रश्न पडला की ही माणसं बिथरली का. उत्तर शोधायला त्यांना माणूस मिळाला तोही गमतीदार योगायोगाने. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये त्यांनी बेटी बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी लग्न केलं होतं. महायुद्ध पेटलं तेव्हा ते हिंदुस्थानात होते. ऑस्ट्रिया हिटलरने गिळलेला, म्हणून त्यांच्या खिशातला पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना निजामाच्या राज्याबाहेर पडायला बंदी झाली. नजरकैदेतला हा माणूस मग चेंचू, रेड्डी आणि गोंडांत फिरत राहिला. आदिलाबादमध्ये त्याने मारलवाई या लहानशा गोंड गावात घर केलं. बेटी बरोबर होत्याच. पुढे गोंडांवरच्या आणि रेड्ड्यांवरच्या पुस्तकांत त्यांचा सहभाग मुखपृष्ठावर नोंदलेला आहे. एका परक्या जोडप्याचा संसार गावाने रोज उघड्यावर पाहिला, याचाही काहीतरी परिणाम झाला असणार.

हायमेनडॉर्फ यांनी सरकारला सांगितलं की जमीन द्या आणि अक्षर द्या. दोन्ही एकदमच हवं, कारण अक्षर नसलं तर दिलेली जमीन पुन्हा जाईल. १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि मारलवाईला शिक्षक घडवण्याचं केंद्र निघालं. पहिले शिक्षक कुठून आणायचे? थोडंफार मराठी वाचता येणारे मोजके गोंड तरुण सापडले, त्यांनाच तयार केलं. मुलांना पहिली अक्षरं गोंडीतच द्यायची असं ठरलं आणि गोंडीची पुस्तकं देवनागरीत छापली, कारण या डोंगरांत कानावर पडणारी, बाजारात चालणारी दुसरी भाषा मराठी होती. वरच्या इयत्तेत मग राज्याची उर्दू. मारलवाईत शिकलेल्यांतले काही मास्तर झाले, काही पटवारी झाले, काही जंगलखात्यात गेले. काल ज्या कागदाला भिऊन बाप जंगलात पळत होता, तो कागद आता पोरगा भरत होता.

हे काम हायमेनडॉर्फ यांच्यानंतर ज्यांनी रेटलं त्यांत एक नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. निलंग्याला १९१० साली जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते, आदिलाबादला आदिवासींच्या कामासाठी नेमले गेले आणि गोंडी शिकले. नुसती बोलायला नव्हे, तर व्याकरण लिहिण्याइतकी. आदिलाबादच्या गोंडांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये निघालं. फारसी कागदपत्रांत बुडालेला हा माणूस लिपी नसलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या भाषेचे प्रत्यय मोजत उटनूरच्या डोंगरात बसला होता, हे मराठीत आपण फारसं आठवत नाही. खरं तर त्यांच्या साऱ्या कामातला हा तुकडा मला सर्वांत आवडता आहे.

तर आता पोरांना लिहिता येऊ लागलं. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला एकट्याला अक्षर येऊन भागत नाही. मास्तर झालेल्या पोराने दुसऱ्या गावच्या मुलीला चार ओळी लिहिल्या, तर वाचणार कोण? मुली शाळेत आल्या त्या पुष्कळ मागून. म्हणजे ती चिठ्ठी तिचा भाऊ वाचणार, नाहीतर त्या गावचा मास्तर, आणि तो मास्तर बहुधा लिहिणाऱ्याचाच मारलवाईचा सोबती. निरक्षर घरात आलेलं पत्र मोठ्याने वाचलं जातं. अंगणात बाज टाकून, शेजारीपाजारी जमवून. महाराष्ट्रातल्या खेड्यांतही गेल्या पिढीपर्यंत पोस्टमन पत्र देऊन निघत नसे, वाचून दाखवून निघत असे. मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याने बायकोला काय लिहायचं, तर ‘घरच्या सर्वांस नमस्कार’. बाकीचं वाचणाऱ्याच्या भिडेपोटी राहून जाई. दंडारीतल्या गाण्याला जी आडोशाची सोय होती, ती पत्राला नव्हती.

म्हणून अक्षर आलं तरी सोयरीक आपल्या जुन्या वाटेनेच चालली, आणि चिठ्ठीने आधी कोरडी कामं उचलली: बाजाराचा दिवस, कचेरीची तारीख, पट्ट्याचा नंबर. निजामाचं स्वतःचं टपालखातं होतं. त्याच्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशी चारही प्रकारे छापलेली असे. मारलवाईच्या शाळेत शिकलेल्या पोराला त्यातला निदान एक कोपरा वाचता येत होता. १ एप्रिल १९५० पासून ते टपाल भारताच्या टपालात मिसळलं आणि हा चौभाषी चौकोन गेला.

त्यानंतर सहा वर्षांनी जे झालं त्याने पत्राची वाट आणखी बिकट केली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटलं गेलं. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. त्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे आले. किनवट नांदेड जिल्ह्यात गेलं, राजुरा १९५९ मध्ये चांद्याला जोडलं गेलं. मराठी माणसाला हा नकाशा न्याय्य वाटतो, तेलुगू माणसालाही वाटतो. गोंडांना कोणी विचारलं नाही. त्यांची भाषा दोन्हीकडच्या हिशेबात नव्हती. नव्या सीमेच्या अलीकडचे सहादेवे आणि पलीकडचे सातदेवे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मुली देत-घेत होते, ते तसेच देत-घेत राहिले. शाळा मात्र बदलल्या. उटनूरकडच्या शाळांत तेलुगू आली, किनवट-राजुऱ्याकडे मराठी. देवनागरीतली गोंडी पुस्तकं बाजूला पडली.

आता हिशेब मांडा. उटनूरचा मुलगा आणि किनवटची मुलगी. नात्याने मामेभावंडं, घरची भाषा एक, देव ठरलेले, लग्नाला कोणाची हरकत नाही. आणि आता मुलगीही शाळेत जाऊ लागलेली. लिहिणारा साक्षर, वाचणारी साक्षर, पाकीट उघडायला मास्तर नको. कुसुम-अनिलांपाशी जे जे होतं ते यांच्यापाशी जवळजवळ सगळं आलं. पण तो लिहितो तेलुगू अक्षरांत आणि ती वाचते देवनागरी. समोरासमोर बोलले तर शब्दही अडत नाही, कागदावर एक ओळ कळत नाही. १९४३ ची योजना टिकती तर दोघांच्या हातात एकच अक्षर असतं. राज्यं भाषेवर बांधली तेव्हा या दोघांची भाषा कोणत्या राज्याची, असं कोणी विचारलं असतं तर तज्ज्ञांची पंचाईत झाली असती.

या कहाणीला एक पोटकहाणी आहे, आणि ती शेवटी कळली. २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव यांच्या चमूला नारनूर भागातल्या गुंजाळा या गावी काही जुन्या वह्या सापडल्या. भाषा गोंडी, पण लिपी ना देवनागरी ना तेलुगू. ती वेगळीच, गोंडीची स्वतःची. वाचू शकणारी काही म्हातारी माणसं अजून गावात होती आणि ती प्रधान होती. हस्तलिखितं साधारण १७५० च्या काळातली मानतात. २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे आज ती मोबाइलवर उमटू शकते. सरकारी पुस्तकं देवनागरीत निघत होती तेव्हा त्याच डोंगरांत गोंडी लिहिण्याची रीत काही घरांत जिवंत होती. ज्यांना आपण फक्त तोंडी परंपरेचे भाट समजत होतो, त्यांच्याकडे लेखणीही होती. प्रधानाने सांगावा तोंडीच नेला याचं कारण निरक्षरता हे एकमेव नसावं. सोयरिकीच्या बोलण्यात कागद आणू नये, हा शहाणपणाही असेल.

हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी ११ जानेवारी १९८७ ला हैदराबादमध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईला आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांचे अवशेष २०१२ मध्ये मुलाने आणून आईशेजारी ठेवले. दर ११ जानेवारीला गावकरी तिथे गोंडी रीतीने पूजा करतात. २०१६ मध्ये जिल्हा पुन्हा तुटला आणि मारलवाई आता भीमूच्याच नावाच्या, कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं.

सीमेचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. जिवती तालुक्यातल्या परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथल्या पुष्कळांकडे दोन्ही राज्यांची ओळखपत्रं आहेत, आणि मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही शाळा भरतात. एका घरातलं एक पोर इकडे जातं, दुसरं तिकडे. मोठ्या भावाची चिठ्ठी धाकटीला वाचता येईलच असं नाही.